पंक्तिप्रपंच

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या क्रीडामंडळांवर लेख कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे महाविद्यालयाचा संघ आपल्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरतो, त्यातून निवडलेला संघ विभागात जातो, आणि आपला विभाग कोणता हे नकाशाच ठरवून टाकतो. पश्चिम विभागातले विद्यापीठ एके दिवशी उठून ‘आजपासून आम्ही पूर्व विभागात, कारण तिकडे पैसा अधिक आहे,’ असे म्हणाले तर आपण हसू. अमेरिकेत असे म्हटले जाते, आणि त्यावर कोणी हसत नाही. वकील बोलावले जातात, राज्यपाल पत्रके काढतात, विधिमंडळाचे सभासद कुलगुरूंना बोलावून घेतात. मी हा सारा प्रकार गेली काही वर्षे कुतूहलाने, आणि नंतर नंतर काहीशा संतापाने, वाचत आलो आहे. खेळाचा माझा अधिकार फारसा नाही. पण पंक्तीत कोणाला बसवायचे आणि कोणाला उठवायचे हा प्रश्न खेळापुरता कधीच नसतो, आणि तो आपल्याला चांगला ओळखीचा आहे.

तिकडे ज्याला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात ती सभा किंवा परिषद नव्हे. आठ-दहा विद्यापीठांनी एकत्र येऊन ‘आपण एकमेकांशी दरवर्षी खेळू, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम एकच ठेवू, उत्पन्न वाटून घेऊ’ असा केलेला करार, म्हणजे कॉन्फरन्स. मी तिला येथे मंडळ म्हणेन. यांतले ‘बिग टेन’ हे मंडळ सर्वांत जुन्या मंडळांपैकी एक. १८९५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी शिकागोत काही विद्यापीठांच्या अध्यक्षांना बोलावले. फुटबॉल (अमेरिकेतला, चेंडू काखेत मारून धावण्याचा) हाताबाहेर चालला होता. जो विद्यार्थी नाही तोही विद्यार्थी म्हणून खेळत होता. पुढल्या वर्षी सात विद्यापीठांचे मंडळ स्थापन झाले. त्याच्या मूळ नावातच ‘प्राध्यापक-प्रतिनिधींचे’ असा शब्द होता. खेळ शिक्षकांच्या देखरेखीखाली राहावा हा त्याचा हेतू. आज त्या मंडळात अठरा विद्यापीठे आहेत, नाव मात्र ‘बिग टेन’च. १९९० मध्ये पेन स्टेटला अकरावे म्हणून घेतले तेव्हा निदान थोडी लाज शिल्लक होती. बोधचिन्हात अक्षरांच्या फटींत ११ हा आकडा लपवून ठेवला होता. पुढे लपवणे सोडून दिले. ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये आज सोळा आहेत. आणि ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या मंडळात पॅसिफिक महासागराच्या काठचे स्टॅनफर्ड आहे! आमच्याकडे नावाचा सोनूबाई असतो. तिकडे भूगोलाचेच तसे झाले.

हे कसे घडले? याला एक तारीख सांगता येते: २७ जून १९८४. त्याआधी फुटबॉलचे सामने दूरचित्रवाणीवर किती आणि कोणाचे दाखवायचे हे ‘एनसीएए’ ही अखिल देशाची संस्था ठरवीत असे. १९५१ पासून ही व्यवस्था होती. घरबसल्या सामना दिसू लागला तर मैदानावर कोण येणार, ही तिच्यामागची भीती. शेवटी शेवटी नियम असा होता की कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा पडद्यावर येऊ नये. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन बलाढ्य विद्यापीठांना हे सोसवेना. त्यांनी दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो मान्य केला: एनसीएए ही मक्तेदारी आहे, ती पुरवठा अडवून भाव वाढवते, हे व्यापारस्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू, नंतर व्यावसायिक खेळाडूही. त्यांचे म्हणणे होते की विद्यापीठाचा खेळ शिक्षणाचा भाग राहावा म्हणून घातलेल्या नियमांना बाजारातल्या मालाचे मोजमाप लावू नये. अकरा खेळाडूंच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाने हे लिहावे, आणि मैदानाबाहेरच्यांनी ते फेटाळावे, यात मला काहीतरी अर्थ दिसतो. असो. कायद्याच्या दृष्टीने बहुमताचे म्हणणे बरोबर असेलही. मक्तेदारी ती मक्तेदारीच. पण तिच्या जागी काय येणार याचा विचार करणे न्यायालयाचे काम नव्हते, आणि दुसऱ्या कोणी तो केला नाही.

जागी आली मंडळे. सामने विकण्याचा हक्क मंडळांकडे आला तेव्हा ‘आपल्यात कोण असावे’ या प्रश्नाचा अर्थच पालटला. पूर्वी प्रश्न होता, ‘हा शेजारी आपल्यासारखा आहे का?’ आता झाला, ‘हा आला तर किती घरांत दूरचित्रवाणी-संच लागतील?’ २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स बिग टेनमध्ये आले ते काही फुटबॉलमधील पराक्रमाच्या बळावर नव्हे. मेरीलँड वॉशिंग्टन शहराच्या कुशीत आहे, रटगर्स न्यूयॉर्कच्या सावलीत. त्या महानगरांतल्या केबलच्या वर्गणीवर डोळा होता. २०२२ मध्ये याच मंडळाने तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा जो करार केला तो सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा.

यातले राजकारण मात्र वाहिन्यांच्या कचेरीत संपत नाही, कारण यांतली बहुतेक विद्यापीठे सरकारी, म्हणजे राज्याच्या पैशावर उभी राहिलेली. त्यामुळे राजकारणी मध्ये पडतात, आणि गंमत अशी की त्यांनी पडल्यानेच कधी कधी थोडा न्याय होतो. २००३ साली अटलांटिक कोस्ट मंडळाने बिग ईस्ट या मंडळातले तीन सभासद ओढून घ्यायचे ठरवले; मायामी, सिरॅक्यूज आणि बॉस्टन कॉलेज. व्हर्जिनिया टेक त्या यादीत नव्हते. पण विस्तारासाठी नवापैकी सात मते हवी होती, आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे मत मोलाचे होते. राज्यपाल मार्क वॉर्नर यांनी धरून लावले: आपल्या राज्यातले एक विद्यापीठ मत देणार आणि दुसरे उघड्यावर पडणार, हे चालणार नाही. शेवटी सिरॅक्यूज गळाले आणि व्हर्जिनिया टेक आत आले. त्याच व्हर्जिनिया टेकने त्याआधी मागे राहणाऱ्या विद्यापीठांबरोबर या पळवापळवीविरुद्ध न्यायालयात दावा लावला होता! आमंत्रण येताच दाव्यातून त्याचे नाव निघाले. मनुष्यस्वभाव समुद्रापलीकडेही तोच.

टेक्ससची कथा याहून बोधप्रद आहे. तिथले साउथवेस्ट नावाचे जुने मंडळ १९९६ मध्ये मोडले. त्यातली चार विद्यापीठे, टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टेक्सस टेक आणि बेलर, उत्तरेकडच्या आठांना जाऊन मिळाली आणि बिग ट्वेल्व्ह तयार झाले. पहिल्या दोघांना कोणीही घेतले असते. शेवटच्या दोघांचे पान कसे मांडले गेले यावर आजही टेक्ससमध्ये वाद चालतो. पण राज्याचे उपराज्यपाल बॉब बुलक हे टेक्सस टेक आणि बेलर या दोहोंचे माजी विद्यार्थी होते, ही गोष्ट सांगितल्याशिवाय तो वाद कोणी सुरू करत नाही. राइस, ह्यूस्टन, सदर्न मेथडिस्ट आणि टेक्सस ख्रिश्चन यांना असा कोणी वाली नव्हता. ती चौघे अक्षरशः दारोदार फिरली. टेक्सस ख्रिश्चन एका मंडळातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे हिंडत २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्हच्या पंक्तीला पोचले. ह्यूस्टन २०२३ मध्ये. सदर्न मेथडिस्टला २०२४ मध्ये अटलांटिक कोस्टने घेतले ते कोणत्या अटीवर? नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातला वाटा मिळणार नाही या अटीवर. पंक्तीला बसा, पण पान कोरे राहील! आणि राइस, विद्येत या सर्वांना मागे टाकणारे राइस, अजून बाहेरच आहे.

आता ज्या घटनेने मला हा लेख लिहायला लावला तिच्याकडे येतो. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचे मंडळ १९१५ चे. नावे बदलली, सभासद आठाचे दहा, दहाचे बारा झाले, पण मंडळ पश्चिमेकडच्या राज्यांचेच राहिले. ३० जून २०२२ या दिवशी लॉस एंजेलिसमधील दोन्ही मोठ्या विद्यापीठांनी, यूएससी आणि यूसीएलए यांनी, आपण बिग टेनमध्ये जात असल्याचे जाहीर केले. मग वर्षभर उरलेल्या दहांचा वाहिन्यांशी सौदा काही जमेना. २०२३ च्या जुलैअखेरीस कोलोरॅडो गेले. ४ ऑगस्टला एकाच दिवसात पाच गेली: ऑरेगन व वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोनाची दोन आणि यूटा बिग ट्वेल्व्हकडे. चार उरली. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना अटलांटिक कोस्टने आत घेतले. त्यासाठी पंधरापैकी बारा मते लागत. आधी चार सभासद विरोधात होते, त्यांतल्या एकाने मन बदलले आणि काम झाले. या दोघांनीही पहिली सात वर्षे सुमारे तीस टक्केच वाटा घेण्याचे मान्य केले. जगातल्या श्रेष्ठ विद्यापीठांत गणना होणाऱ्या दोन संस्था एका मतावर लटकल्या होत्या, हे ऐकून आमच्या प्राध्यापक-कक्षात काहीजणांना बरे वाटले असेल!

उरली दोन. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

वॉशिंग्टन स्टेट हे पुलमन नावाच्या छोट्या गावात आहे. सभोवार गव्हाची लाटालाटांची शेते, आणि सिएटल शहर सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर. ऑरेगन स्टेट कॉर्व्हालिस येथे. तेही मोठे शहर नव्हे. दोन्ही शेतकी आणि अभियांत्रिकीच्या परंपरेतली, राज्याच्या सामान्य घरांतल्या मुलांना शिकवणारी विद्यापीठे. दोघांचा दोष एकच, की त्यांच्या अंगणात दूरचित्रवाणीची बाजारपेठ नाही.

आणि तरी यांनी खेळाला काय दिले? उंच उडी मारताना पाठ दांडीकडे करून मागे झेप घ्यायची पद्धत आज आपल्या तालुक्याच्या मैदानावरची मुलेही वापरतात. ती रूढ करणारा डिक फॉसबरी ऑरेगन स्टेटचा विद्यार्थी होता. १९६८ मध्ये मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक घेतले तेव्हा तो तेथे अभियांत्रिकी शिकत होता. वॉशिंग्टन स्टेटमध्ये शिकणाऱ्या हेन्री रोनो या केनियाच्या धावपटूने १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम मोडले. चार! पुलमनच्या थंडीवाऱ्यात सराव करणाऱ्या मुलाने. कोणत्या वाहिनीने यांच्यासाठी किती पैसे मोजले असते? येथे प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की त्याच ऑरेगन स्टेटने १९८८ मध्ये पैशाअभावी आपला ॲथलेटिक्सचा विभाग बंद केला होता. जुना काळ सोन्याचा होता असे मला म्हणायचे नाही. तसे तर त्याच जुन्या काळात कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना कोणी पंक्तीला घेत नव्हते. त्यांना १९१२ मध्ये आपले स्वतंत्र मंडळ काढावे लागले. आग्नेयेकडच्या एसईसी या मंडळात पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू मैदानावर उतरला तो १९६७ मध्ये. शेजारधर्माच्या गप्पा मारणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये.

परंतु आता २०२५ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधले उड्या आणि फेकीचे प्रकार बंद करून लांब पल्ल्याच्या धावण्यावरच भर देण्याचे ठरवले, तेव्हा तो निर्णय आकाशातून पडलेला नव्हता. मंडळ मोडले, वाटा गेला, आणि सर्वप्रथम कात्री चालली ती भालाफेकीवर आणि लांब उडीवर, ज्यांच्यामुळे कोणी कधी मंडळ सोडले नव्हते. उलट बाजूही पाहा. बिग टेनमध्ये गेलेल्या यूसीएलएच्या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीला आता रटगर्सशी खेळायला सुमारे चार हजार किलोमीटर उडावे लागते. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो, त्याला हे झेपते. बाकीच्यांचे वर्ग बुडतात. सौदा फुटबॉलचा, पण वरात सगळ्या खेळांची.

‘विद्यापीठाने पैसा मिळवू नये काय?’ असे कोणी विचारील. मिळवावा. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला, २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना प्रत्यक्ष पैसे देण्याची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत. ज्यांच्या घामावर हे सारे उभे आहे त्यांना वाटा मिळू लागला, हे योग्यच झाले. पण त्यामुळे पैशाची निकड वाढली, आणि पंक्तीबाहेर पडणे अधिक महागले. म्हणून माझा आक्षेप पैशाला नाही. तो असा आहे: वॉशिंग्टन विद्यापीठही राज्याचे आणि वॉशिंग्टन स्टेटही राज्याचे, एकाच करदात्याच्या पैशावर पोसलेली दोन भावंडे, मोठ्याने घर मोडून जायचे ठरवले तेव्हा धाकट्याचे काय होणार हे विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य असलेला एकही माणूस त्या खोलीत नव्हता. दोघांची विश्वस्तमंडळे वेगळी. प्रत्येकाने आपापल्या संस्थेचे हित पाहिले, आणि ते त्यांचे कामच होते. अन्याय झाला, आणि तरी बोट दाखवायला अन्याय करणारा सापडत नाही.

कॅलिफोर्नियात मात्र सापडला, म्हणजे जबाबदार माणूस सापडला. तेथे यूसीएलए आणि बर्कली या एकाच विद्यापीठव्यवस्थेच्या शाखा, आणि त्यांच्यावर एकच नियामक मंडळ. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी आवाज उठवला, ‘हे परस्पर कसे ठरले?’ म्हणून विचारले. नियामक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये यूसीएलएला जाऊ दिले, पण अटी घातल्या: खेळाडूंच्या प्रवासाची, आहाराची, अभ्यासातल्या मदतीची वाढीव सोय करा, आणि मागे राहणाऱ्या बर्कलीला भरपाई द्या. २०२४ मध्ये ती रक्कम वर्षाला एक कोटी डॉलर ठरली. वृत्तपत्रांनी पोटगी म्हणून तिची चेष्टा केली. मला तर या साऱ्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट सभ्यपणाची वाटते. घर सोडणाऱ्याला सोडू द्यावे, पण मागच्याचा हिशेब चुकता करून. आणि तो हिशेब उघड सभेत, जनतेला उत्तर देणाऱ्या माणसांनी मांडावा. ऑरेगनमध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये विधिमंडळांनी असा कायदा का करू नये? सरकारी विद्यापीठाला मंडळ सोडायचे असेल तर राज्यातल्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठावर होणारा परिणाम आधी जाहीर करावा लागेल, आणि नव्या उत्पन्नाचा काही भाग काही वर्षे त्याला द्यावा लागेल, एवढाच. याने विस्तार थांबणार नाही. पण एका दिवसात पाचजण उठून गेले तसे जाता येणार नाही.

त्या दोघांनी मात्र रडत बसण्याचे नाकारले. जाणारे दहाजण अजून कागदोपत्री मंडळाचे सभासद होते, आणि मंडळाच्या तिजोरीवर मत देऊ पाहत होते. ‘ज्यांनी जाण्याची सूचना दिली त्यांना कारभारात मत कसले?’ असे म्हणत या दोघांनी पुलमन ज्या तालुकावजा परगण्यात येते तेथल्याच न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने हुकूम दिला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचे नाकारले, आणि तडजोड झाली. पुढचे दोन हंगाम, २०२४ आणि २०२५, पॅक-ट्वेल्व्ह नावाच्या मंडळात दोनच विद्यापीठे फुटबॉल खेळत होती. नाव बाराचे, सभासद दोन! पण मंडळ जिवंत होते.

ही कथा येथेच थांबली असती तर मी ती आनंदाने सांगितली असती. मात्र नियम असा की फुटबॉलच्या वरच्या श्रेणीतल्या मंडळात निदान आठ सभासद हवेत. दोन वर्षांची सवलत मिळते. त्या अडचणीच्या काळात शेजारच्या माउंटन वेस्ट मंडळाने या दोघांशी २०२४ च्या हंगामात सामने खेळायचा करार केला. फुकट नव्हे, मोबदला घेऊन. आणि शहाणपणाने त्यात एक कलम घातले, की पुढे आमचे सभासद पळवाल तर प्रत्येकामागे दंड भराल. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याच माउंटन वेस्टमधली पाच विद्यापीठे पॅक-ट्वेल्व्हने आपल्याकडे घेतली: बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट आणि यूटा स्टेट. दंड साडेपाच कोटी डॉलरच्या घरात गेला. तेव्हा पॅक-ट्वेल्व्ह न्यायालयात गेले आणि म्हणाले की हे दंडाचे कलमच बेकायदेशीर आहे, ते स्पर्धेचा गळा दाबते.

म्हणजे ओक्लाहोमा आणि जॉर्जिया यांनी १९८४ मध्ये जे म्हटले होते, तेच. या वेळी ते म्हणणारे वर्षापूर्वी स्वतः उघड्यावर पडलेले होते. मी त्यांना दोष देत नाही. आठ सभासद जमवले नसते तर ते बुडाले असते. पण वायोमिंग, नेव्हाडा, न्यू मेक्सिको ही मागे राहिलेली नावेही दूरच्या रानांची आहेत, आणि त्यांच्यासाठीही त्या खोलीत कोणी नव्हते.

माउंटन वेस्टनेही मग जागा भरायला सुरुवात केली. दक्षिण टोकाला एल पासोचे विद्यापीठ घेतले. आणि फुटबॉलसाठी, २०२६ च्या हंगामापासून, नॉर्दर्न इलिनॉय. ते शिकागोपासून तासा-दीड तासावर, मक्याच्या सपाट शेतांत आहे. डोंगर म्हणून तेथे औषधालाही नाही. तेही एक मंडळ सोडूनच आले. त्या मंडळाचे नाव मिड-अमेरिकन, आणि तिथले रिकामे पान कोणाला वाढायचे याची चर्चा त्याच आठवड्यात सुरू झाली.